बेघर मशीनला मनगट

चि. नातीस,


तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाचं मशीन दुरुस्त करून, नव्या केसमध्ये बसवून केलेलं मनगटी घड्याळ पहिल्या पगारातून घ्यायचं तुझ्या मनात आहे. ते घ्यावं का, की आपल्या घरातलं पणजोबांचं घड्याळच तसं करून घ्यावं, असं तू विचारलंस. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, जरूर घे, पण पारखून. दुसऱ्याला, नाही. दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे. घड्याळं उघडण्यात आणि मिटण्यात माझी उमर गेली, तेव्हा ते थोडं सविस्तर सांगतो.

फोटोतलं मशीन एल्जिनचं आहे. एल्जिन हे अमेरिकेत शिकागोजवळचं गाव, तिथं कारखाना घालणारी ही कंपनी १८६४ साली उभी राहिली. तिच्याआधीची वॉल्थम. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५० साली डेनिसन आणि हॉवर्ड यांनी आणखी एका भागीदाराबरोबर धंदा सुरू केला आणि पुढे चार्ल्स नदीच्या काठी वॉल्थम गावात कारखाना नेला. डेनिसनच्या डोक्यात एकच ध्यास होता. घड्याळाचा प्रत्येक भाग यंत्रावर असा बनला पाहिजे की, एका घड्याळातला काढून दुसऱ्यात घातला तरी चालावा. तोपर्यंत घड्याळ म्हणजे एकेका कारागिराने कानस घासत जुळवलेली वस्तू होती. वॉल्थमच्या लांबच लांब खोल्यांत यंत्रांसमोर बसणाऱ्यांत तुझ्या वयाच्या मुलीही पुष्कळ होत्या, हेही लक्षात ठेव. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमने आपोआप स्क्रू बनवणारी यंत्रं मांडली, तेव्हा पाहायला आलेले स्विस लोक हादरले. लाँजिनचे अभियंते जाक दाविद यांनी परत जाऊन मायदेशीच्या घड्याळवाल्यांना अहवाल लिहिला. त्याचा सूर असा की, आत्ता बदललो नाही तर आपला धंदा बुडाला. स्विस घड्याळांचं पुढचं वैभव त्या धास्तीतून घडलं, असं माझं मत आहे.

आता तुझ्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे ती गोष्ट. अमेरिकेत घड्याळाचा कारखाना म्हणजे मुख्यतः मशीनचा कारखाना. केस बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. गिऱ्हाईक दुकानात जाई, ऐपतीप्रमाणे मशीन निवडी, मग केस निवडी. चांदीची, सोन्याचा पत्रा चढवलेली, नाहीतर निखळ सोन्याची. दुकानदार दोन्ही तिथल्या तिथं जुळवून हातात देई. हे जमावं म्हणून मशीनची मापं ठरलेली होती. १६ साइझ म्हणजे ४३.१८ मिलिमीटर, १२ साइझ म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर आणि बायकांच्या छोट्या घड्याळांची ० साइझ म्हणजे २९.६३ मिलिमीटर. तेव्हा अमेरिकन मशीन आणि त्याची केस यांचं नातं जन्माचं नसतं. मालकाला हौस आली की तो जुनी केस देऊन नवी घेई आणि मशीन तेच ठेवी.

म्हणूनच पुढे जे झालं ते इतक्या सहज झालं. मनगटी घड्याळं आली, खिशातली कपाटात गेली, आणि सोन्याचा भाव चढला की केसा वितळवायला जाऊ लागल्या. १९८०च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं, त्या लाटेत किती केसा मुशीत गेल्या याला गणती नाही. सोनाराला मशीनचं काय? ते तो उपसून बाजूला टाकी. एकट्या एल्जिनने पाच कोटींहून जास्त घड्याळं बनवली होती. त्यामुळे नुसती मशीनं, डायल शाबूत, काटे शाबूत, पण अंगावर केस नाही, अशी डबेच्या डबे भरून विकली जातात. बंद डब्यात पडलेल्या मशीनमध्ये तेल सुकून चिकट होतं, दमट हवेत पोलादाला गंज लागतो आणि शेवटी त्याचे सुटे भाग काढून उरलेलं मोडीत जातं. कोणी हाताला कसब असलेला माणूस असं मशीन उचलतो, पूर्ण सुटं करून साफ करतो, तुटलेला बॅलन्स स्टाफ, म्हणजे डुलणाऱ्या चाकाचा आस, बदलतो, थकलेल्या कमानीच्या जागी नवी घालतो आणि त्याला अंगभर केस देतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. हे काम मला नवं घड्याळ बनवण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पणजोबांच्या घड्याळाचं तसं नाही. ते स्विस आहे, मुंबई आणि कलकत्त्याला दुकानं असलेल्या वेस्ट एंड कंपनीचं नाव त्याच्या डायलवर आहे. मशीन, चांदीची केस, आतलं झाकण, डायल, काटे, सगळं एकमेकांबरोबर आलेलं आणि एकमेकांबरोबर झिजलेलं. केसच्या कडेवरची नक्षी माझ्या वडिलांच्या अंगठ्याने गुळगुळीत केली आहे. त्यातलं मशीन मनगटावर चढवलं की केस पोकळ राहणार आणि दोन-तीन पिढ्यांत ती मोडीत जाणार. पूर्ण घड्याळ मोडून अर्धं घड्याळ घालण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. ते साफ करून, तेल घालून मी चालू ठेवलं आहे. साखळीसकट ते तुझंच आहे, सणासुदीला वापर.

मनगटावर चढवण्याचा हा प्रकार आजकालचं फॅड आहे असं मात्र समजू नकोस. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैनिक खिशातलं छोटं घड्याळ चामड्याच्या कपात बसवून मनगटाला बांधत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या लोकांसाठी वॉल्थमने आणि एल्जिनने बायकांच्या घड्याळांतली छोटी मशीनंच तारेच्या कड्या लावलेल्या केसांमध्ये घातली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे बायकी दागिना अशी पुरुषांची समजूत होती, ती युद्धाने पुसली. पुढे पोर्तुगालच्या दोन व्यापाऱ्यांनी आयडब्ल्यूसी कंपनीकडे जहाजावरच्या घड्याळाइतकं अचूक मनगटी घड्याळ मागितलं. एवढी अचूकता त्या काळी लहान मशीनमध्ये येईना. मग कंपनीने खिशातल्या घड्याळाचं मशीन घेतलं आणि १९३९ साली भलंमोठं मनगटी घड्याळ काढलं. तेच पुढे ‘पोर्तुगीजर’ म्हणून नावाजलं.

आता पारखायचं कसं ते. आधी सेकंदाची छोटी तबकडी कुठे आहे ते बघ. खिशातली घड्याळं दोन जातींची. उघड्या तोंडाच्या घड्याळात चावी बाराच्या वर आणि छोटा सेकंद सहापाशी, म्हणजे अगदी समोरासमोर. झाकणाच्या घड्याळात चावी तीनपाशी आणि सेकंद सहापाशी. मनगटावर आपल्याला चावी तीनपाशीच लागते, त्यामुळे झाकणाच्या घड्याळाचं मशीन स्वतःच्या मूळ डायलसकट सरळ बसतं. उघड्या तोंडाचं मशीन बसवलं की मूळ डायल आडवा पडतो, म्हणून नवा करावा लागतो आणि त्यावर सेकंद नवापाशी जातो. त्यात खोट काही नाही, पण मूळ डायल कुठे आहे हे विचारायचं. तू पाठवलेल्या फोटोतलं मशीन ० साइझचं, झाकणाच्या जातीचं दिसतं. मीनाकारीचा मूळ डायल त्यावर आहे आणि तुझ्या मनगटाला ते शोभेल. १६ साइझचं घेतलंस तर केस पन्नास मिलिमीटरच्या घरात जाईल आणि दिवसभर बाहीत अडकेल.

दुसरं, चावीची दांडी. बहुतेक जुन्या अमेरिकन मशीनमध्ये ही दांडी मशीनची नसते, केसची असते. केसच्या गळ्यात एक बारीक पोलादी नळी असते, ती दांडीला धरते. दांडी आत असली की चावी बसते. बाहेर ओढली की मशीनमधली स्प्रिंग आपोआप काटे फिरवायच्या ठिकाणी सरकते. नव्या केसमध्ये हे सगळं पुन्हा बनवायला बारीक लेथकाम लागतं. घाईत असलेला माणूस ते टाळतो आणि मशीनच्या प्लेटलाच कानस लावतो, भोक पाडतो नाहीतर डाग देतो. असं मशीन परत आपल्या मूळ जातीच्या केसमध्ये कधीच जाऊ शकत नाही. म्हणून बनवणाऱ्याला स्पष्ट विचार, मशीनचा कुठलाही भाग कापला किंवा घासला आहे का? ‘हो’ म्हणाला, किंवा उत्तर टाळलं, तर घेऊ नकोस, मग नक्षी कितीही देखणी असो. उद्या या मशीनला मूळ काळातली केस मिळाली तर ते जसंच्या तसं तिच्यात बसलं पाहिजे.

रेल्वेच्या घड्याळाचा मोह तुला पुढेमागे पडेल, म्हणून आत्ताच सांगतो. ओहायोतल्या किप्टन इथे १८९१च्या एप्रिलमध्ये दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, असं चौकशीत निघालं. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याला रेल्वेने घड्याळं तपासायला नेमलं आणि हळूहळू कडक नियम झाले. घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत लावलेलं हवं, आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये, आणि चावी चुकून ओढली जाऊन वेळ बदलू नये म्हणून काटे लावायला काचेच्या कडेखालचा छोटा खटका हवा. ही मशीनं अप्रतिम आहेत, माझा त्यांच्यावर फार जीव. पण मनगटी केसमध्ये दर वेळी काचेची कड उघडून खटका ओढायचा म्हणजे धुळीला आमंत्रण. ती खिशातच बरी.

मुंबईच्या बाजारात जुन्या मशीनवर नवे रंगवलेले डायल आणि भलतीच नावं घालून पुष्कळ घड्याळं विकली जातात. डायल फार चकचकीत, छपाई जाड आणि नाव फार मोठं असेल तर थांब. मीनाकारीच्या खऱ्या डायलवर केसासारखी एखादी रेघ गेलेली असते. ती मला खपते. आकड्यांवर तपकिरी, जळकट रंगाचा थर दिसला तर मात्र ते घड्याळ नको. तो रेडियम असू शकतो. चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियमचं अर्धं आयुष्यच १६०० वर्षांचं. एल्जिन ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमधल्याच ओटावा गावात मुली डायलवर तो रंग भरत, कुंचल्याचं टोक ओठांनी सारखं करत. जबड्याची हाडं कुजून आणि कर्करोग होऊन त्यांतल्या कित्येक जणी गेल्या. मालकांनी त्यांना धोका नाही असंच सांगितलं होतं. असा डायल कधी खरवडू नकोस, कोणाला खरवडूही देऊ नकोस.

वापरताना एवढं सांभाळ. हे मशीन खिशात उभं राहायला बनलेलं आहे. मनगटावर ते दर क्षणी वेगळ्या बाजूला कलतं, म्हणून दिवसाला अर्धं-एक मिनिट इकडेतिकडे झालं तर दुरुस्तीला धावू नकोस. त्याच्या बॅलन्सची टोकं मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास जाडीची असतात. धक्का पचवणारी स्प्रिंगची बैठक बऱ्याच नंतर, १९३०च्या दशकात रुळली, या मशीनला ती नाही. तेव्हा बॅडमिंटन खेळताना आणि स्कूटर चालवताना काढून ठेव. पाऊस आणि नळ, दोन्हींपासून लांब. पावसाळ्याचे चार महिने ते घातलंच नाहीस तरी मला चालेल. पोलादी हेअरस्प्रिंगची वेटोळी मोबाइलच्या आणि पर्सच्या लोहचुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकदम पुढे पळू लागतं. तसं झालं तर चुंबकपणा काढून घ्यायचा, मशीन उघडायची गरज नसते. चावी रोज सकाळी एकाच वेळी, हळू, अटकेपर्यंत. अटक लागली की पुढे जोर नाही.

पैसे देण्याआधी मशीनवरचा क्रमांक मला कळव. केसवरचा नको, तो केस बनवणाऱ्याचा असतो. मशीनवरच्या क्रमांकावरून एल्जिनने ते कोणत्या साली केलं, खडे किती आहेत आणि ते खरंच झाकणाच्या जातीचं आहे का, हे तक्त्यात सापडतं. त्याच्याबरोबर बनवणाऱ्याकडून मागच्या प्लेटचा आणि डायल काढून समोरच्या बाजूचा असे दोन स्वच्छ फोटो मागव. मी भिंगाखाली बघून रविवारी तुला फोन करतो.

तुझे,
आजोबा