संघातील ज्येष्ठत्व आणि धम्माचा अधिकार

धर्मसंघात उशिरा आलेल्याचा शब्द आधीपासून असलेल्यांच्या शब्दाहून प्रमाण मानावा काय, हा प्रश्न बौद्ध संघापुढे आरंभकाळीच उभा राहिला. विनयानुसार, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनुसार, ज्येष्ठत्व वयावरून वा कुळावरून नव्हे, तर उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खुदीक्षेच्या, काळावरून ठरते. म्हणूनच शाक्य राजपुत्रांनी स्वतःचा कुलाभिमान गळावा यासाठी उपाली नाभिकाला आपल्याआधी दीक्षा देण्याची विनंती केली. याउलट सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे संजय परिव्राजकाचा पंथ सोडून कौंडिण्यादी पाच भिक्खूंनंतर आले, तरी बुद्धांनी त्यांनाच अग्रश्रावक, म्हणजे प्रमुख शिष्य, केले आणि अट्ठकथा या पाली भाष्यपरंपरेनुसार त्यावरून भिक्खूंमध्ये कुरबुर झाली.

या दोन निर्णयांत वरवर विसंगती दिसली, तरी ज्येष्ठत्वाने केवळ वंदनाचा आणि आसनाचा क्रम लागतो, धम्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हे तत्त्व त्यांतून निघते. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश, म्हणजे प्रामाण्याचे निकष, तर थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, वचनसुद्धा सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू वा नाकारू नये, असे सांगतात. अर्थात संघाने स्वतःचा नियमही सर्वत्र पाळला नाही, कारण गरुधम्मांनुसार शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी दीक्षित झालेल्या भिक्खूला वंदन करायचे असते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात या प्रश्नाला नवे रूप आले. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेऊन ज्येष्ठत्वाचा मान राखला, परंतु लगेच, स्वतः गृहस्थ असूनही, जमलेल्या लाखोंना दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. पुढे त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्ये बुद्धांच्या मूळ उपदेशातील आहेत काय, अशी शंकाही त्यांनी मांडलेली आढळते. जे बुद्धिसंगत आणि मानवहिताचे, तेच बुद्धवचन, ही त्यांची कसोटी महापदेशांहून वेगळी आहे, कारण ती वचनाला ग्रंथाशी न ताडता विवेकाशी ताडते, आणि त्यामुळे परंपरेतील अभ्यासकांनी तिला घेतलेले आक्षेप विचारात घ्यावेच लागतात. मात्र ते आक्षेप कसोटीच्या गुणदोषांवर उभे असावेत, कारण नवदीक्षिताला अर्थनिर्णयाचा अधिकार नाही एवढ्याच आधारावर जो ते घेतो, त्याला सारिपुत्ताचे अग्रश्रावकपदही नाकारावे लागेल.