उशिरा आलेला प्रेक्षक

‘प्यार की ये एक कहानी’ ही मालिका ‘स्टार वन’ वाहिनीवर २०१०-११मध्ये प्रक्षेपित झाली. नायक अभय हा महाविद्यालयात वावरणारा व्हॅम्पायर, नायिका पिया मर्त्य. ‘ट्वायलाइट’शी असलेले नाते तेव्हाही लपलेले नव्हते. डिसेंबर २०११मध्ये ती वाहिनीही बंद झाली. नाशिकमधील एखादी विद्यार्थिनी आज प्रथमच ही मालिका पाहू लागली, तर तिच्यापुढे सर्व भाग एकदम उभे राहतात. मूळ प्रेक्षकाला उद्याची वाट पाहावी लागे.

याउसच्या ‘अपेक्षा-क्षितिजा’ने हा फरक वर्णिता येतो, त्यातील नैतिक पेच मात्र तेथे मावत नाही. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला प्रथम हसू येते ते खोट्या सुळ्यांचे. हे हसू रसिकतेचे लक्षण मानण्याची खोड समीक्षेलाही आहे. वस्तुतः तो काळाने फुकट बहाल केलेला अधिकार होय. पंधराव्या वर्षी एखाद्या मुलीने त्या सुळ्यांवर ठेवलेला विश्वास हा त्या संहितेचाच अंश होता. तो वगळला की उरते निव्वळ चित्रफीत.

फाळके यांनी नाशिकमध्ये निर्मिलेला ‘कालिया मर्दन’ (१९१९) पाहताना तोच प्रेक्षक गंभीर होतो. नागाचे कृत्रिमपण तेथेही उघडच आहे. मग सहानुभूतीला शंभर वर्षांचे अंतर का लागावे?

अभयचे वय वाढत नाही. ती पंधरा वर्षांची मुलगी आता तिशीत आहे. कदाचित थोरली बहीण म्हणून याच विद्यार्थिनीशेजारी बसलेली आहे, आणि पुढे काय होते ते ठाऊक असूनही सांगत नाही.