पायी पाहणे : एक नैतिक प्रश्न

जुने शहर पायीच पाहावे, असे म्हणताना आपण एक गृहीतक नकळत स्वीकारत असतो. चालण्याचा वेग हाच जाणण्याचा वेग आहे, हे ते गृहीतक. पॅरिस किंवा प्राग येथे सुट्टीत हिंडून आलेला प्रवासी 'शहर कळले' असे म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय कळलेले असते? हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा जितका आहे, तितकाच नीतिशास्त्राचाही आहे.

बोदलेअरने १८६३ मधील निबंधात रेखाटलेला आणि व्हाल्टर बेंजामिनने आधुनिकतेचा साक्षीदार मानलेला 'फ्लानर' गर्दीत हिंडतो, सर्वांना पाहतो. मात्र त्याला कोणी हटकत नाही. अनामिकता ही त्याच्या पाहण्याची पूर्वअट असते. मिशेल द सर्तोने १९८० मध्ये उंच मनोऱ्यावरून शहर 'वाचणारा' आणि खाली चालत ते 'लिहिणारा' असा भेद केला. सुट्टीतला पर्यटक या भेदात नीट बसत नाही. त्याचे पाय गल्लीत असतात, दृष्टी मात्र मनोऱ्यावरची असते. कारण हातातल्या नकाशाने शहराचा अर्थ त्याला आधीच सांगितलेला असतो.

फ्लानरला मराठीत प्रतिशब्द सहजी सापडत नाही. 'रिकामटेकडा' हा शब्द दूषणार्थी आहे. 'पायपीट' या शब्दात कष्ट आहेत, 'वारी'त निष्ठा आहे. 'भटकंती'त तेवढे थोडे कौतुक आढळते. हे भाषेचे दारिद्र्य मानण्याची घाई करू नये. चालण्यामागे प्रयोजन असावे, ही अपेक्षा या शब्दांतून व्यक्त होते.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात ही अपेक्षा अधिक स्पष्ट होते. भोरचा १८६९ मधील राजवाडा पाहणाऱ्याला पाश्चात्त्य वास्तुशैलीची छाया जाणवते, अनेक चित्रपटांतली दृश्येही आठवतात. पंतसचिवांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्याचे वैभव आज 'दृश्य' म्हणून उरले आहे. जवळच भाटघरच्या जलाशयात कांबरेश्वराचे जुने मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पाणी ओसरते, कारण नीरेच्या कालव्यांतून ते दूरवरच्या शेतांकडे गेलेले असते. वेल्ह्याकडील पानशेतचे पाणी पुणे शहर पिते, आणि तेच शहर रविवारी राजगड-तोरण्यावर चढून खालच्या खोऱ्यांच्या 'निसर्गसौंदर्या'ने प्रसन्न होते. येथे पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यात आधीचाच एक व्यवहार आहे. केवळ चालण्याच्या वेगाने तो दिसत नाही.

या वाटांवर चालणाऱ्याला मात्र प्रश्न येतो : "कुठलं पाव्हणं?" या प्रश्नाने दृष्टीची दिशा उलटते आणि पाहणारा उत्तरदायी होतो. फ्लानरच्या शहरात नेमके हेच घडत नाही.

तथापि या प्रश्नाचे उदात्तीकरण करणेही धोक्याचे आहे. 'कुठलं'च्या पाठोपाठ 'कोणाचे' येते, आणि तेथून जातीपर्यंतचे अंतर फार नसते. ज्यांना गावाने सतत ओळखूनच दूर ठेवले, त्यांना शहरातील अनामिकता मुक्तीसारखी वाटली, तर त्यात नवल नाही. स्त्रीच्या बाबतीत तर ही अनामिकताही सहज उपलब्ध नव्हती. फ्लानर पुरुषच का, हा जॅनेट वुल्फ यांनी १९८५ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच मूलगामी ठरतो. तेव्हा चौकशी आणि उत्तरदायित्व यांत भेद करायला हवा. चौकशी दुर्बळावर लादली जाते. उत्तरदायित्व मात्र ज्याच्यापाशी सवड आणि साधने आहेत, त्याने आपणहून स्वीकारायचे असते.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेला यातून एक निकष मिळू शकतो. लेखकाने किती पाहिले, यापेक्षा त्याच्या संहितेत त्या स्थळाला उलट प्रश्न विचारायला जागा आहे का, हे तपासावे. 'अपूर्वाई'तील (१९६०) स्वतःलाच हास्यविषय करणारा निवेदक ही जागा एका परीने राखतो. तेथे युरोपच त्याच्याकडे पाहतो आहे, याचे भान सुटत नाही. पुढील पुष्कळशा प्रवासलेखनात स्थळे मुकी होत गेली आणि निवेदक तेवढा बोलका राहिला.

चालण्याने माणूस जमिनीच्या जवळ येतो, एवढे खरे. पण जवळ येणे म्हणजे बांधले जाणे नव्हे. आपल्या पाहण्याची किंमत कोणी चुकती केली आहे, हे जो विचारत नाही, तो कितीही मैल चालला तरी मनोऱ्यावरच उभा असतो.