उचल आणि अतिचार

माणूस कामाला ठेवणे म्हणजे त्याचे श्रम विकत घेणे, की काही काळासाठी त्यालाच बांधून घेणे? भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. बालाघाटाच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांची भरती मात्र आधीच, पावसाळ्यात झालेली असते. टोळी जमवणारा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती हंगामभर टनामागच्या मजुरीतून फेडायची. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि जोडप्याला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता.

याच भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींच्या निर्वाणाचे हे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र. ज्या परंपरेचे हे क्षेत्र, तिने माणसाकडून काम करून घेण्याविषयी बराच बारकाईने विचार केलेला आहे. कामगार कायद्यांच्या चर्चेत तिची आठवण सहसा कोणी काढत नाही, हे खरे.

जैन आचारशास्त्र मुनी आणि गृहस्थ यांना एकाच मापाने मोजत नाही. शेती, व्यापार, कारागिरी करणाऱ्याच्या हातून काही हिंसा होणारच, हे मान्य करून तिला उद्योगी हिंसा म्हटले आहे. गृहस्थाने निश्चयाने टाळायची ती संकल्पी हिंसा. कारखानदाराला वा मुकादमाला ही सवलत सोयीची वाटेल. धंदा म्हटला की एवढे चालायचेच, असे तो म्हणेल. पण उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ही पळवाट बुजवतो. अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या अहिंसेच्या व्रताचे, पाच अतिचार तिथे दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिचार म्हणजे व्रताचा पूर्ण भंग नव्हे. व्रत वरून शाबूत दिसते, आतून डागाळलेले असते. आपण कोणाला मारले नाही, म्हणून आपण निर्दोष, असे मानणाऱ्या मालकासाठीच जणू ही यादी केलेली आहे.

पहिला अतिचार बंध. पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचा अर्थ दोरीपुरता ठेवला नाही. जीवाला हव्या त्या ठिकाणी जाण्यापासून जे अडवते, ते बंधन, असे त्यांचे विवरण आहे. या व्याख्येत उचल अडकते. गरजेच्या वेळी पैसे देणे हे पाप नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसताना तीच रक्कम कुटुंब तारते. दोष येतो तो पैसा परतफेडीच्या वाटेवरून हलून माणसाच्या पायात पडतो तेव्हा. म्हणून उचल मजुरीपासून वेगळी, कर्ज म्हणून लिहावी, हिशेबाची प्रत मजुराच्या हाती असावी, आठवड्याच्या मजुरीतून ठरलेला हिस्साच कापावा आणि सोडून जाणाऱ्याची बाकी कायदेशीर मार्गाने मागावी. त्याची कागदपत्रे वा घरचे माणूस अडकवून ठेवणे हा सरळ बंध होय. मुकादमाची बाजूही पोकळ नाही. टोळी पळाली तर उचलीसाठी पैसे देणाऱ्या वाहतूकदाराचे देणे त्याच्या बोकांडी बसते, प्रसंगी जमीन विकावी लागते. पण ती जोखीम मजुराच्या पायाला बांधून उतरत नाही. ती मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना यांच्यातल्या कराराने वाटून घ्यावी लागते.

अतिभाराची व्याख्याही सूक्ष्म आहे: न्याय्य ओझ्यापेक्षा जास्त वाहायला लावणे. न्याय्य कोणते, हे अंग ठरवते, करार नाही. पहाटे फडात शिरलेली बाई दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते; वर स्वयंपाक आणि लेकरे आहेतच. गैरहजेरीच्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड कापला जातो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे कारण त्या वेळी पुढे आले. खाड्याचा दंड हा व्यवस्थापनाचा नियम दिसतो. परिणाम पाहता तो अतिभार आहे, आणि शरीरावर सुरी चालल्यावर छेदाच्याही जवळ जातो.

अन्नपाननिरोधाबद्दल कुंथलगिरी आणखी एक भेद शिकवते. आचार्य शांतिसागर यांनी 1955 मध्ये इथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. स्वतःच्या इच्छेने अन्न सोडणे हे व्रत ठरले. दुसऱ्याची भूक-तहान अडवणे हा मात्र अतिचार. फडावर पिण्याचे पाणी नसणे, जेवायला सुटी नसणे ही गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही.

मोजमापाचा मुद्दा तिसऱ्या व्रतात, अचौर्यात येतो. कमी-जास्त वजनमापे वापरणे हा तिथला अतिचार. मजुरी टनावर, आणि वजन कारखान्याच्या काट्यावर, जिथे तोडणारा बहुधा हजरही नसतो. काटामारीची तक्रार शेतकरी करतो, तशी मजुरालाही करता यावी. प्रत्येक खेपेची वजनपावती टोळीला मिळाली तरच ते शक्य आहे.

कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, दर कारखान्याचे. जैन कर्मविचारात कृत, कारित आणि अनुमत असे तीन प्रकार आहेत: स्वतः केलेले, करवून घेतलेले आणि संमती दिलेले. तिन्ही कर्त्याला चिकटतात. मधे ठेकेदार घातल्याने जबाबदारी पातळ होत नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी हे वाक्य पहिल्या पानावर छापायला हरकत नाही.

याच परंपरेची मर्यादाही सांगायला हवी. परिग्रहाचे प्रमाण ठरवताना शेत, घर, सोने, धान्य यांच्या रांगेत दासी-दासही मोजले आहेत. त्यांची संख्या मर्यादित ठेवावी, एवढेच सांगितले. माणूस मालमत्ता असूच शकत नाही, असे सांगितले नाही. तिथे सक्तीच्या श्रमाला मनाई करणारे संविधानाचे कलम 23 अधिक स्पष्ट आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा. आणि 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले कामही सक्तीचे श्रमच ठरवले. पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच, हा त्या निकालामागचा विचार.

या कसोटीवर टोळी चांगली चालवणारा मुकादम ओळखणे कठीण नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब चुकता होतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जाण्याची मोकळीक असूनही तेच कोयते त्याच्याकडे परत येतात.