परसातील हिंसा

परसातल्या वालावर मावा पडला. माळकरी माणसाने किडा मारावा काय? मनाशी पुष्कळ घोळ घालून आम्ही निंबोळीकडे वळलो. ५० ग्रॅम चूर्ण लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवले, गाळून किंचित साबण घातला नि सांजेस फवारले. विष नव्हे, म्हणून निर्धास्त! पण सज्जनहो, त्या कडू द्रव्याने किड्याचे खाणे सुटते, कात टाकणे अडते. तो झिजून मरतो. ही हिंसाच, केवळ आमच्या डोळ्यांआड.

मनूने गृहस्थाच्या घरी पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ, पाण्याचा घडा. ती मोडा असे नाही म्हटले. नित्य पंचमहायज्ञांनी परिमार्जन करा म्हटले. परस हे सहावे, असे आम्ही धरतो.

टोचणी मात्र निराळीच. त्याच वेलावरच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या खरखरीत अळ्या आम्ही कीड समजून चिरडल्या होत्या. त्या निघाल्या ढालकिड्याच्या, मावाच खाणाऱ्या! अजाणता घडले, असे शास्त्रापुढे म्हणता येईल. वेलापुढे काय म्हणावे? आता फवाऱ्याआधी चष्मा लावून पाने उलटून बघतो. तशी अळी दिसली, की तो वेल तसाच सोडतो.