देह, अभ्यास आणि कर्तेपण
गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्मामागे पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव, आणि केवळ आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. हे विवेचन सहसा अहंकाराच्या निरसनासाठी वाचले जाते, परंतु व्यायामाने स्नायूंतील रक्तवाहिन्यांत होणारा पालट पाहिला की ते देहाच्या पातळीवरही किती नेमके आहे, हे ध्यानात येते.

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्कामाला येते, त्या वाटेवर पाऊल उचलणे वारकऱ्याच्या स्वाधीन असते, पण त्याच्या पोटरीत पुढे जे घडते ते नव्हे. राबणाऱ्या स्नायूतील धमनिका, म्हणजे केशवाहिन्यांकडे रक्त सोडणाऱ्या बारीक नळ्या, आपोआप रुंदावतात. वाढलेला प्रवाह मोठ्या धमन्यांच्या आतल्या पेशीस्तराला, म्हणजे एंडोथेलियमला, घासत जातो, तो स्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतो आणि त्यामुळे भिंतीतील स्नायू सैलावून धमनी आणखी उघडते. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नियमित सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत हा वायू निर्माण करण्याची क्षमता वाढते. सराव टिकला तर धमनीच मुळात रुंद होते, आणि मग प्रसरणाची ती वाढीव क्षमता बहुधा ओसरून पूर्वपदावर येते. जे आधी प्रतिसाद म्हणून घडत होते ते पुढे रचनेतच मुरते. अभ्यासाचा स्वभाव होतो तो असा. सहाव्या अध्यायात चंचल मनासाठी सांगितलेला अभ्यास देहालाही तितकाच लागू पडतो, कारण सराव थांबला की काही आठवड्यांतच ही कमाई ओसरू लागते. तेराव्या अध्यायाने देहाला क्षेत्र म्हटले आहे, आणि शेताला मशागत दर हंगामी लागते.

येथे चाकणच्या कामगाराचा प्रश्न टाळता येत नाही. असेंब्ली लाइनवर पाळीभर उभा राहणारा माणूस श्रम करतोच. पण एकाच स्थितीत ताणून धरलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो, पोटरीची हालचाल नसल्याने रक्त पायांत साचते, आणि आकुंचन व शिथिलता यांची जी आवर्तने प्रवाहाला वेग देतात ती घडतच नाहीत. अशा श्रमालाच कर्मयोग म्हणून गौरवणे सोयीचे असले तरी ते चुकीचे आहे, कारण त्यात पाचांपैकी एका कारणाकडे, कर्त्याच्या निष्ठेकडे, बोट दाखवून बाकीची चार झाकली जातात. कामगाराला जे दैव वाटते ते पुष्कळदा शिफ्टचे वेळापत्रक असते, आणि ते माणसांनीच आखलेले असते. म्हणून त्यात चालण्या-फिरण्याची मोकळीक ठेवणे हे भोसरी-चाकणच्या कारखान्यांचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.