पथक तेच, ताशा वेगळा

पावसाळा सुरू झाला की मुठेच्या पात्रात आणि मोकळ्या मैदानांवर ढोल बाहेर निघतात. वाद्यपूजन होतं, नारळ फुटतो, आणि त्याच आठवड्यात पेठांतल्या अमृततुल्यांमध्ये एखादी बातमी फिरायला लागते: अमुक पथकाचा ताशाप्रमुख यंदा नाही. कारण नक्की कुणालाच ठाऊक नसतं, पण सांगता सगळ्यांना येतं. एकाच्या मते तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, दुसऱ्याच्या मते त्याचं अध्यक्षांशी वाजलं. तिसरा खासगीत सांगतो, की तो स्वतःचं पथक काढतोय आणि वीसेक पोरं बरोबर घेऊन गेलाय. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात ढोलाचं टिपरू हातात धरलेलं नसतं. तरी त्यांचा निकाल चहा संपायच्या आत लागलेला असतो: आता त्या पथकात राम नाही.

या नाराजीला हसणं सोपं आहे. पैसे न देता, रस्त्याच्या कडेला उभं राहून, कुणीतरी फुकट वाजवलेलं ऐकायचं आणि वर वादक कोण असावा यावर हक्क सांगायचा, हा अस्सल पुणेरी बाणा. पण त्या हक्काखाली एक जुना प्रश्न दडला आहे, आणि तो तत्त्वज्ञांनी अडीच हजार वर्षं चघळला आहे. माणसं बदलत राहिली तर समूह तोच राहतो का? आणि ज्याच्यावर जीव लावायचा तो समूह, की त्यातला माणूस?

ताशावाला गेल्यावर नेमकं काय जातं, ते आधी पाहायला हवं. ढोल कमरेला बांधलेला असतो, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची उघडी थाप. पथकात पन्नास ढोल असोत की शंभर, ते स्वतःहून काही ठरवत नाहीत. ठरवतो ताशा. दोन बारीक काड्यांनी निघालेली तर्री वातावरण तापवते, तिच्या शेवटी एक इशारा येतो आणि सगळे ढोल एका ठोक्यावर पडतात. पुढचा हात, म्हणजे वादनाचा ठरलेला ठेका, कोणता, तो किती वेळ चालवायचा, लय कुठे चढवायची, वादक दमले आहेत म्हणून कुठे सोडायची, हे सगळं पुढे उभ्या असलेल्या एक-दोन माणसांच्या मनगटात आणि नजरेत असतं. बेलबाग चौकात रात्री अकराला उभा असलेला जाणता श्रोता डोळे मिटून सांगतो, ताशाला कोण आहे. तर्री तोडण्याची प्रत्येकाची जागा वेगळी असते. ती जागा चुकली की ढोल शंभर असले तरी त्याला ते पोकळ वाटतात. म्हणजे त्याची तक्रार निव्वळ भावनिक नाही, तिच्यात कानाचा पुरावा आहे.

मात्र याच श्रोत्याची दुसरी बाजूही पाहावी. दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे तो दरवर्षी हात जोडतो. आज तिथे विराजमान असलेली मूर्ती कर्नाटकातले शिल्पकार शंकरअप्पा शिल्पी यांनी १९६७-६८ च्या सुमारास घडवलेली. तिच्याआधी दोन मूर्ती होऊन गेल्या. ‘आता पहिला दगडूशेठ राहिला नाही’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. घरोघरी तर दरवर्षी नवी पार्थिव मूर्ती येते. प्राणप्रतिष्ठा होते, मुक्काम संपतो, उत्तरपूजा होते आणि मूर्ती पाण्यात जाते. देव दरवर्षी तोच असतो, माती वेगळी. देवाच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्याच देवापुढे वाजवणारा बदलला की मात्र सगळं तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवलं जातं!

ही विसंगती वाटते तितकी वेडगळ नाही. मूर्तीत देवाला बोलावलेलं असतं, तो तिच्यातून उपजत नाही. वादन मात्र मनगटातूनच उपजतं. तर्री आधी कुठेतरी होती आणि माणसाने तिला फक्त वाट करून दिली, असं म्हणायला श्रोता तयार नाही. तो चुकतो का?

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या पुस्तकात नगराबद्दल असाच प्रश्न विचारला आहे. राज्यव्यवस्था बदलली तर नगर तेच राहतं का? उत्तरासाठी तो नदीचा दाखला देतो, पण अधिक कामाचा दाखला त्याला रंगभूमीवर सापडतो. कोरस कधी शोकांतिकेत उभा राहतो, कधी सुखांतिकेत. माणसं बहुतेक वेळा तीच असतात, तरी लोक त्यांना दोन वेगळे कोरस मानतात. त्याच्या मते ओळख माणसांत नसून रचनेत असते. हे पथकाला लावलं तर निकाल पथकाच्या अध्यक्षांच्या बाजूने लागतो: हात तेच, क्रम तोच, गणवेश आणि ध्वज तोच, मग पथकही तेच.

पण पुण्यात माणसांचाच एक कोरस असा होता, ज्याने या उत्तराची पंचाईत करून ठेवली. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) पुण्यात रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आणि रंगमंचावर ब्राह्मणांची ती डोलणारी रांग, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात जमाव. मोजक्या प्रयोगांनंतर, वादंग वाढल्यावर, संस्थेने ते थांबवलं. नाटक करणारी तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर वगैरे एका बाजूला आणि भालबा केळकरांची मूळ संस्था दुसऱ्या बाजूला. पुढे तेच नाटक नव्या नावाखाली उभं राहिलं आणि १९८० साली युरोपपर्यंत गेलं. आता मूळ कुठलं? नाव, घटना, इतिहास पीडीएकडे राहिला. माणसं, तालीम आणि नाटक ॲकॅडमीकडे गेलं. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने रचना जिथे गेली तिथे ओळख गेली. पण रचना गेली ती माणसांच्या अंगातूनच गेली, कागदावरून नव्हे.

सतराव्या शतकात टॉमस हॉब्सने हाच पेच जहाजाच्या रूपात मांडला होता. जुन्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि काढलेल्या फळ्यांचं कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? लंडनमध्ये हा बुद्धीचा खेळ होता. पुण्यात तो दर दोन-चार वर्षांनी प्रत्यक्ष घडतो. शहरात आज शंभराहून जास्त पथकं आहेत, आणि नवं पथक सहसा जुन्या पथकाच्या पोटातूनच निघतं.

साता समुद्रापार या पथकांचा एक चुलतभाऊ आहे. अमेरिकेत ड्रम कोअर म्हणजे शे-दीडशे तरुणांची ब्रास वाद्यं, ड्रम आणि ध्वज घेऊन मैदानावर उतरणारी स्पर्धक पथकं. त्यांची मोठी संघटना ड्रम कोअर इंटरनॅशनल १९७२ पासून स्पर्धा भरवते आणि तिथला नियम विलक्षण आहे: एकविसाव्या वर्षानंतर वाजवता येत नाही. त्यामुळे वादक सतत गळत राहतात, आणि टिकून राहतात ते शिकवणारे आणि कार्यक्रमाची आखणी करणारे. तिथला चाहता म्हणूनच वादकांपेक्षा प्रशिक्षकांच्या नावांवर जास्त खल करतो. हिवाळ्यात नेमणुका जाहीर झाल्या की कोण कुठून कुठे गेला यावरून उन्हाळ्याचं भाकीत सुरू होतं. नावाचा जोरही तिथे पुरा पडत नाही. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावात १९३४ साली सुरू झालेलं ‘द कॅडेट्स’ हे दहा वेळा विजेतेपद मिळवलेलं पथक २०२४ साली बंद पडलं. गणवेश, गाणी, नव्वद वर्षांचा लौकिक, सगळं जागेवर होतं.

पुण्यात शाळांच्या पथकांना हा वयाचा नियम न लिहिताच लागू आहे. रमणबाग, नूमवि यांसारख्या शाळांतून मुलं दरवर्षी बाहेर पडतात. काही माजी विद्यार्थी म्हणून परत येतात, बरीच येत नाहीत. ज्ञान प्रबोधिनीने शिकणाऱ्या मुलामुलींचं शिस्तीतलं पथक ही कल्पना शहरात रुजवली. त्याआधी मिरवणुकीतला ढोल मुख्यतः मुळशी-मावळच्या गावांतून यायचा. प्रबोधिनीचे संस्थापक आप्पा पेंडसे १९८३ साली गेले. त्यानंतरही प्रबोधिनीचा ढोल वाजत राहिला, कारण तिथे शिकवणं हे कुणा एकाचं नव्हे तर प्रत्येक वरच्या तुकडीचं काम मानलं गेलं.

इथे नागसेन भिक्षूची आठवण होते. मिलिंद राजाने त्याला विचारलं, की जन्मलेलं मूल आणि मोठा झालेला माणूस एकच का? नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला. पहिल्या प्रहराची ज्योत ती शेवटच्या प्रहराची नव्हे, आणि दुसरी कुणी वेगळीही नव्हे. एका ज्योतीच्या आधाराने पुढची पेटत जाते. नेहमी सांगितली जाते ती त्याची रथाची गोष्ट, पण पथकाला हीच जास्त लागू पडते. रथाचे भाग एकमेकांना काही शिकवत नाहीत.

वारकऱ्यांनी या गोष्टीचा कायदाच करून टाकला आहे. दिंडीत वीणेकरी असतो. वीणा जमिनीवर टेकवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि घालताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. सप्ताहात पहारे बदलतात, माणसं झोपायला जातात, वीणा उभीच असते. वीणा गळ्यात आहे तोवर तो माणूस दिंडीच्या केंद्रस्थानी, उतरली की रांगेतला एक. व्यक्ती आणि जागा यांच्यात इतकी स्वच्छ फट क्वचितच कुणी ठेवली असेल. अर्थात फाटाफूट वारीलाही चुकलेली नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्याही पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकात मानपानाचा तंटा झाला आणि हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली. आज जून-जुलैमध्ये दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि पुणेकर दोन्हींचं दर्शन घेतो. खरी कोणती, असं विचारायचं त्याच्या मनातही येत नाही.

तेव्हा ताशावाला गेल्याचं दुःख करणाऱ्या श्रोत्याला व्यक्तिपूजक ठरवून मोकळं होता येणार नाही, आणि त्याला पूर्ण बरोबरही म्हणता येणार नाही. त्याने राग धरावा तो जाण्यावर नव्हे, शिकवून न जाण्यावर. ताशाच्या रांगेत प्रमुखाच्या डाव्या हाताला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी असते. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, नजर सतत शेजारच्या काड्यांवर. प्रमुख मध्येच स्वतः थांबतो आणि चार ठोके तिला एकटीला वाजवू देतो. ती अडखळते, ढोलांची पहिली ओळ क्षणभर विस्कटते, मागून कुणीतरी हसतं. ज्या पथकात असे अडखळण्याचे क्षण मुद्दाम ठेवलेले असतात, तिथे प्रमुख गेला तरी दोन वर्षांत तर्री परत येते. जिथे एकाच्याच नावाचा जयघोष झाला आणि काड्या कुणाच्या हाती दिल्या गेल्या नाहीत, तिथे तो असतानाच पथक संपलेलं असतं. लोकांना ते उशिरा ऐकू येतं इतकंच.

करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिरवणुकाच नव्हत्या. नाव होतं, ढोल गोदामात होते, माणसं घरी होती. गेला तो सराव, म्हणजे नव्या हातांच्या दोन तुकड्या. उलट २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीसच जण असावेत असा आदेश दिला, तेव्हा संख्येचा प्रश्न उभा राहिला. विसर्जनाला पाच दिवस उरले असताना, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आवाजाचा त्रास खरा आहे आणि चौकात राहणाऱ्या आजारी माणसाला तत्त्वचर्चा सांगून उपयोग नाही. पण पथकांच्या दृष्टीने तीसचा आकडा वेगळ्याच जागी लागला असता. तीसच जण उभे करायचे तर प्रमुख पक्के तीस उभे करणार, आणि शिकाऊ हात सर्वांत आधी गळणार.

गणपतीपुढे वाजवणं ही सेवा आहे, असं प्रत्येक पथक म्हणतं, आणि अनेक पथकं वादकांना एक पैसाही देत नाहीत. सेवेत कर्ता मागे असायला हवा. भगवद्गीतेपासून कीर्तनकारांपर्यंत सगळे हेच सांगतात. पण सेवा करणाऱ्याने स्वतःला विसरावं ही अपेक्षा ठीक आहे, ऐकणाऱ्याने त्याला विसरावं असं कुणीही सांगितलेलं नाही. श्रोत्याला नावं आठवतात, तो तुलना करतो, रुसतो. त्या रुसण्यामुळेच पुढच्या ताशावाल्याला कळतं, की तर्री कुठे तुटायला हवी.

सगळ्यांत व्यवहारी उत्तर मात्र मंडळांचे कार्यकर्ते देतात. उत्सवाच्या आधी सुपारी ठरवताना एकाच पथकातून फुटलेली दोन पथकं दारात येतात. एकाकडे नाव आणि बॅनर, दुसऱ्याकडे जुने हात. कार्यकर्ता दोघांनाही चहा पाजतो, मंडळाला किती वर्षं वाजवताय ते विचारतो, यंदा ताशाला कोण आहे तेही विचारतो. मग एखाद्या संध्याकाळी कुणाला न सांगता नदीपात्रात जाऊन दोघांचा सराव ऐकतो, प्रमुख पाणी प्यायला बाजूला गेल्यावर पथक कसं वाजतं ते तर आवर्जून ऐकतो.